मेलेल्या रिलेचे फ्लॅग

“वाच गं पोरी. मोठ्यानं वाच. पोटातल्या पोटात नको.”

हा आवाज माझ्या आत्यानं पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. आवाजाचा धनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण आजही घरात कुठं काही ‘टक्’ करून वाजलं, की आत्याच्या हातातलं काम थांबतं. मान वर होते. आणि ओठ हलायला लागतात...

काहीतरी वाचत असल्यासारखे.

मी सांगते आहे ते घडलेलं आहे. कुणी म्हणेल मनाचे खेळ. म्हणू दे. ज्या दोघांवर हे बेतलं ते दोघंही माझ्या घरचे. एक माझी आत्या, दुसरे माझे बाबा. दोघांनाही तिखटमीठ लावून बोलता येत नाही. बाबांना तर साधं बोलायचंही जिवावर येतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अंधार, पाऊस, कुत्र्यांचं रडणं, यातलं काहीही नव्हतं.

भर दुपार होती. लख्ख ऊन. वारा पडलेला.

आत्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होती. मोठ्या दाबाच्या लाईनी जिथं येतात आणि जिथून पुढं जातात, ते ठिकाण. गावापासून लांब, तारेच्या कुंपणात. एक लांबट कंट्रोल रूम, तिच्यात कपाटांसारखी उभी पॅनेलं, आणि मोठ्या काचेच्या खिडकीतून दिसणारं यार्ड. यार्डातला ट्रान्सफॉर्मर अष्टौप्रहर घुमत असायचा. इतका, की तिथं काम करणाऱ्यांना तो ऐकूच यायचा नाही.

त्या पॅनेलांवर रिले असतात. रिले म्हणजे लाईनचा राखणदार. तारा जातात कुठच्या कुठं. मध्ये कुठं झाड टेकलं, कुठं तार तुटली, की काचेच्या डबीतला हा राखणदार बसल्या जागी ओळखतो. बिघाड किती लांब आहे ते जोखतो, आणि वीज तोडायला लावतो. त्याच वेळी काचेआड एक छोटी लाल पट्टी खाली पडते.

टक्.

तिला फ्लॅग म्हणतात.

फ्लॅग पडतो आपोआप. पण वर जात नाही आपोआप. काचेच्या खाली एक बारीक दांडी असते. ती माणसानं बोटानं वर ढकलायची, तेव्हा फ्लॅग उचलला जातो.

माणसानं. बोटानं. तेवढं ध्यानात राहू द्या.

आत्याला हे सगळं शिकवलं मास्तरांनी. रिले तपासणारे होते ते. शाळेत कधी शिकवलं नाही, पण सगळे मास्तरच म्हणायचे. ठेंगणे, पाठीत जरा वाकलेले. खिशात कायम स्पिरिटची बाटली आणि मऊ फडक्याचा बोळा. रिलेचे कॉन्टॅक्ट पुसून पुसून त्यांच्या अंगालाच स्पिरिटचा वास लागला होता. रिले उघडला की त्याच्याशी बोलायचे. “काय रे, डोळ्यांत कचरा गेला का? थांब, पुसतो.” बायको नव्हती, मूल नव्हतं. जो काही जीव होता तो त्या एका पॅनेलवरच्या जुन्या रिलेवर, आणि या दोन भावंडांवर.

लाईनचं अंतर रिले तीन टप्प्यांत मोजतो, प्रत्येक टप्प्याचा फ्लॅग वेगळा. झोन वन, झोन टू, झोन थ्री. आत्याच्या डोक्यात ते बसेना, तेव्हा मास्तरांनी जात्यावर बसल्यासारखं गाऊन सांगितलं होतं...

*पहिला झोन अंगणात, त्याला उशीर कसला गं*
*दुसरा झोन वेशीपाशी, जरासा दम धर गं*
*तिसरा झोन परमुलखी, दुसऱ्याचं दुखणं गं*
*त्याचं त्याला सोसेना, तर आपण धावणं गं*

आत्याला हे अजून पाठ आहे. हल्ली मात्र ती म्हणत नाही.

मास्तरांचा एक नियम होता. फ्लॅग पडला की एकानं तो मोठ्यानं वाचायचा. दुसऱ्यानं ऐकून तसाच परत म्हणायचा. मगच दांडी ढकलून फ्लॅग उचलायचा. आणि फ्लॅग खाली असेपर्यंत लाईन सोडायची नाही, म्हणजे तिच्यात वीज सोडायची नाही. साहेब ओरडला तरी नाही.

“का मास्तर?” आत्यानं एकदा विचारलं.

“अगं, तो काहीतरी सांगतोय. ऐकून न घेता त्याचं तोंड बंद करायचं? माणसाशी करतेस का असं?”

“माणसाशी करावंसं वाटतं कधीकधी.”

“माझ्याशी कर. रिलेशी नको.”

माझे बाबा त्याच लाईनवर लाईनमन होते. आत्याहून धाकटे, पण तिच्याहून हातभर उंच. मास्तर त्यांना ‘उंटा’ म्हणायचे. मास्तरांचा हात पॅनेलच्या वरच्या रांगेला पुरायचा नाही. मग हाक जायची. “उंटा, ये रे. माझा हात पुरत नाही.” बाबा कुठंही असले तरी यायचे. मास्तर हसून म्हणायचे, “मी वर गेलो ना, की तुला बोलावूनच घेणार बघ. तिथली कपाटंही उंचच असतील.”

सगळे हसायचे. बाबा सगळ्यांत जास्त.

मास्तर गेले तेही साधेच. दवाखान्यात, झोपेत. बाबांनी हात धरला होता.

त्यानंतर सबस्टेशनमध्ये नवे रिले आले. पडद्यावर आकडे दाखवणारे, बिनआवाजाचे. जुन्या रिलेच्या मागच्या सगळ्या तारा तोडून टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. डबी मात्र पॅनेलवर तशीच राहिली. काढायला कुणाला सवड नव्हती.

म्हणजे तो रिले मेलेला होता. त्याला ना वीज, ना लाईनशी नातं.

आता ती दुपार.

लाईन सकाळपासून बंद होती. दूरच्या टॉवरवर चिनीमातीच्या चकत्या बदलायचं काम होतं. टोळीत बाबा होते. काम संपलं, सगळी माणसं उतरली, तारांना लावलेले अर्थ, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडण्या, काढले, की टोळीच्या इन्चार्जचा फोन यायचा. मग आत्या लाईन सोडणार. रोजचंच.

कंट्रोल रूममध्ये आत्या एकटी होती. हेल्परकाका यार्डात, खिडकीतून समोर दिसत होते.

टक्.

आत्यानं मान वर केली. नव्या पॅनेलांवर सगळं शांत होतं.

मग तिची नजर जुन्या रिलेवर गेली...

तिसरी पट्टी खाली होती. झोन थ्री.

तिनं खिडकी सरकवली. “काका, दार आपटलंत का खालचं?”

“दार? मी कधीचा उन्हात उभाय, ताई. सावलीला या म्हणालात तर येतो, दारबीर आपटून पाहिजे असेल तर तसं सांगा!”

आत्या हसली. जुने फ्लॅग धक्क्यानंही पडतात. मोठी गाडी गेली असेल रस्त्यानं. ती खुर्चीत बसली.

आणि तिला काहीतरी कमी वाटायला लागलं.

काय, ते कळेना. पंखा फिरत होता. घड्याळ चालू होतं. मग ध्यानात आलं...

ट्रान्सफॉर्मर घुमत नव्हता.

बंद पडला नव्हता. मीटरचे काटे जागच्या जागी होते. दिवे लागलेले होते. फक्त आवाज नव्हता. जन्मभर शेजारी घोरणारं माणूस एकाएकी गप्प झालं, की जाग येते ना, तसं.

टक्.

दुसरी पट्टी. झोन टू.

आत्या उठली. पॅनेलच्या मागं गेली. तोडलेल्या तारा तशाच लोंबत होत्या. चिकटपट्टीवर धूळ होती. कुणी हात लावला नव्हता.

बंद लाईन. मेलेला रिले. आणि कुणीतरी लाईनवरून... जवळ येत होतं.

परमुलखातून वेशीपाशी.

ती पॅनेलच्या मागंच उभी होती, तेव्हा तिसऱ्यांदा वाजलं. अगदी तिच्या कानाशी.

टक्.

ती वळसा घालून पुढं आली. पहिली पट्टी. झोन वन.

*पहिला झोन अंगणात...*

ओळ आठवली आणि पुढचे शब्दही आठवले. *त्याला उशीर कसला गं.*

त्याच वेळी फोन वाजला.

“ताई, काम झालं!” टोळीचा इन्चार्ज. मागं माणसांचा गलका, हसणं. “सगळे खाली. अर्थ काढले. लाईन सोडा.”

“सगळे उतरले? नक्की?”

“अहो, सगळे उतरले. जेवायला बसलेत, आता उठवू का?”

आत्यानं ठरल्याप्रमाणे सगळं केलं. काकांना खूण केली. काकांनी यार्डात हँडल फिरवलं. आता फक्त ब्रेकरचा स्विच राहिला होता. तो फिरवला, की लाईन जिवंत.

स्विचकडं जाताना तिनं सवयीनं रिलेकडं पाहिलं.

तिन्ही फ्लॅग वर होते.

काचेखालची दांडी... अजून हलत होती.

खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. काका यार्डाच्या पार टोकाला, कपाळावर हात धरून तिच्याकडं बघत होते.

आणि मग वास आला. हलका, थंड, ओळखीचा.

स्पिरिटचा.

आत्या सांगते, त्या क्षणी ती घाबरली नाही. “मास्तर?” असं ती म्हणालीही. फ्लॅग उचललेत म्हणजे सगळं ठीक आहे. मास्तरांनीच बघितलं म्हणजे दुसऱ्या कुणी बघायची गरजच नाही. आयुष्यभर ती त्या हातावर विसंबली होती. तिनं स्विचवर हात ठेवला. खांद्यापाशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं. ठेंगणं कुणीतरी. शिकवायला उभे राहायचे तसं.

हात फिरायला लागला...

टक्टक्टक्!

तिन्ही फ्लॅग एकदम पडले. इतक्या जोरात, की काच थरथरली.

आत्याचा हात स्विचवरून उडाला.

“झोन वन,” ती म्हणाली. आपसूक. मोठ्यानं. “झोन टू. झोन थ्री.”

मग थांबली. नियम तसा होता. दुसऱ्यानं परत म्हणायचं.

मागं कुणीतरी होतं. वास अजून तिथंच होता.

पण कुणी काही म्हणालं नाही.



पुन्हा फोन. या वेळी वरचे साहेब. “बाई, लाईन तयार आहे ना? मग कुणाची वाट बघताय? वरातीची?”

“फ्लॅग खाली आहे, साहेब.”

“कुठला?”

“जुन्या रिलेचा.”

“त्याच्या तारा तोडल्यात ना?”

“हो.”

“मग?”

आयुष्यात पहिल्यांदा ती कामाच्या ठिकाणी खोटं बोलली. “ब्रेकरचा गॅस कमी दाखवतोय. बघून सांगते.” आणि फोन ठेवून तिनं इन्चार्जला लावला.

“माझ्या भावाला फोनवर द्या.”

“ताई, काही विशेष?”

“द्या त्याला. आवाज ऐकायचाय मला त्याचा.”

“बरं बाई, देतो. ए, उंट कुठंय रे? हा काय इथंच... उंटा! अरे, ताईचा फोन!”

पावलं ऐकू आली. गवतातून फिरणारी. मग हाका. एक, दुसरी, लांबून तिसरी.

मग हाका थांबल्या.

इन्चार्ज परत फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

“ताई... लाईन सोडू नका. ऐकताय ना? स्विचपासून लांब व्हा.

“तो वर आहे. तारेपाशी.”

आत्या स्विचपासून मागं सरली. आणि तेव्हा, ती सांगते, ट्रान्सफॉर्मरचं घुमणं एकदम कानांत शिरलं. वास गेला होता.

बाबा सुखरूप उतरले. एक पाना वर विसरला होता, तो आणायला परत चढलो, असं त्यांनी सांगितलं. इन्चार्जनं त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली आणि मग त्यांच्याच गळ्यात पडून रडला. ब्रेकरचा गॅस कमी झाला म्हणून वाचलास, असं सगळे म्हणाले. आत्यानं सगळ्यांना तेच सांगितलं होतं.

खरं तिनं फक्त माझ्या आईला सांगितलं. पुढं मला. “मास्तर आले गं. माझ्या भावासाठी आले.”

पुढं ते पॅनेल भंगारात निघालं, तेव्हा साहेबांच्या मागं लागून आत्या तो रिले घरी घेऊन आली. तिच्या खोलीत, खाटेसमोरच्या फळीवर ठेवला. तिन्ही फ्लॅग त्या दिवशी पडले होते तसेच तिनं खालीच राहू दिले. रोज सकाळी मऊ फडक्यानं काच पुसायची. “आठवण आहे,” म्हणायची. “ज्यांच्यामुळं भाऊ राहिला, त्यांना एवढंही करू नये का?”

बाबा आत्याकडं यायचे ते पुढच्या खोलीत बसायचे. चहा घ्यायचे, निघायचे. तिच्या खोलीत कधी गेले नाहीत. आम्ही म्हणायचो, उंटाला दार ठेंगणं पडतं.

गेल्या महिन्यात आत्या आजारी पडली. ताप उतरेना. मी तिच्याकडं राहायला गेले. एका दुपारी बाबा आले. आत्याला उठवत नव्हतं, म्हणून त्यांना आत यावंच लागलं. ते मान वाकवून दारातून आले, खाटेच्या कडेला बसले, ताईचा हात हातात घेतला.

“मास्तरांना पुसलंस का गं आज?” आत्यानं मला विचारलं.

“सकाळीच पुसलं, आत्या.”

बाबांनी हळूहळू मान वळवली. फळीकडं बघितलं. मग बघतच राहिले.

“ताई,” ते म्हणाले, “तू तर म्हणायचीस, फ्लॅग खालीच ठेवलेत.”

“खालीच आहेत.”

मी बघितलं.

तिन्ही फ्लॅग वर होते.

“तू उचललेस?” बाबांनी मला विचारलं. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

“नाही, बाबा. मी नुसती काच पुसली. दांडीला हातसुद्धा नाही लावला. सकाळी खालीच होते.”

खोलीत तापाचा, औषधाचा वास होता. आणि त्याखाली आणखी एक... हलका, थंड.

आत्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. “आलेत वाटतं. बघ, मला बघायला आलेत.”

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. इतका, की ती कळवळली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं.

“ताई, मी पाना विसरलो नव्हतो त्या दिवशी.”

“मग?”

“खाली उतरलो होतो. हातपाय धुतले होते. जेवायला बसणार, तेवढ्यात वरून हाक आली. ‘उंटा, एक अर्थ राहिला रे वर. ये. माझा हात पुरत नाही.’”

आत्यानं फळीकडं बघितलं.

“बाकी कुणाला ऐकू आलं नाही. मला आलं. मला वाटलंही नाही गं, की ते गेलेत. हाक आली आणि मी गेलो, नेहमीसारखा. वर अर्थ नव्हता. काहीच राहिलं नव्हतं. मास्तर होते. आडव्या पट्टीवर पाय सोडून बसले होते, निवांत. मी म्हटलं, मास्तर, सगळे अर्थ काढलेत. तर हसले. शेजारी बस म्हणाले. मी बसलो. तार इथं होती, ताई. इथं, एवढी हाताशी. मला भीतीही वाटली नाही. इतकं बरं वाटत होतं त्यांना बघून...”

बाबा थांबले. फळीकडं बघायचं टाळून त्यांनी डोळे मिटून घेतले.

“मग?” आत्यानं विचारलं. अगदी हळू. “मग काय म्हणाले ते?”

“म्हणाले, ‘थांब जरा, उंटा. फ्लॅग उचलून आलोय मी. पोरगी आत्ता लाईन सोडेल.’”